गोव्याची पहिली ७०.३ करायचीय? मग हे वाचून घ्या

लांब पल्ल्याची पहिली ट्रायथलॉन कुठली करू, असं हल्ली दर आठवड्याला कोणीतरी विचारतं आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, गोव्याची आयर्नमॅन ७०.३. म्हणजे आधी १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल आणि त्यावर २१.१ किलोमीटर पळायचं, सगळं मिळून ११३ किलोमीटर, आणि तेच मैलांत मोजलं की ७०.३ होतात. फुल आयर्नमॅन याच्या बरोबर दुप्पट, ३.८, १८० आणि ४२.२. गोव्यात ही रेस पहिल्यांदा ऑक्टोबर २०१९ ला झाली, पणजीला मिरामार बीचवर, मध्ये कोविडमुळे खंड पडला आणि २०२२ पासून परत सुरू झाली. व्हिसा नको, परदेशी हॉटेलचा खर्च नको, सायकल गाडीच्या मागे टाकून नेता येते, घरचे चिअर करायला येतात, आणि हवा आपल्या ओळखीची. दमट उकाड्यात रेस करायची असेल तर त्याच उकाड्यात वाढलेल्या माणसाला थोडा फायदाच आहे.

डायरेक्ट फुल का नको तेही सांगते. २०१५ ला मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली तेव्हापासून आपल्याकडे खूप जणांच्या डोक्यात हे बसलं, फार चांगली गोष्ट झाली ती, पण ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे पोहणारे होते हे लोक विसरतात. पुण्याचे कौस्तुभ राडकर, ज्यांनी इतक्या आयर्नमॅन केल्या आणि इतक्यांना तयार केलं, तेसुद्धा मुळात स्विमरच. आपण बहुतेक जण पळण्यातून किंवा सायकलिंगमधून या खेळात येतो, पोहणं तिशी-चाळिशीत शिकतो, त्यामुळे आपली गोष्ट वेगळी आहे आणि तयारीही वेगळी लागते.

सगळ्यात आधी डॉक्टर. चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात कोणाला हार्टचा त्रास असेल तर ईसीजी, टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या, आणि हे "बघू नंतर"वर टाकू नका. रिपोर्ट नीट आले की मगच फी भरा.

आता आकडे, कारण कटऑफचं, म्हणजे किती वेळात काय संपलंच पाहिजे याचं, गणित डोक्यात पक्कं असलं की अर्धी भीती जाते. ७०.३ चे नेहमीचे कटऑफ असे असतात: पोहायला १ तास १० मिनिटं, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास, आणि पूर्ण रेसला साडेआठ तास. त्या वर्षीची अ‍ॅथलीट गाइड येते ती नक्की वाचा, त्यात बदल असू शकतो. समजा तुम्ही ५५ मिनिटांत पोहलात, कपडे-शूज बदलायला ८ मिनिटं, सायकल ताशी २५ ने म्हणजे ३ तास ३६ मिनिटं, परत ६ मिनिटं, आणि किलोमीटरला साडेआठ मिनिटं या निवांत वेगाने हाफ मॅरेथॉन, की बेरीज पावणेआठ तासांच्या आत येते. म्हणजे कुठेही जीव तोडायचा नाहीये. फक्त कुठेही कोसळायचं नाहीये. आणि पोहायला पूर्ण एक तास दहा मिनिटांच्या जवळ गेलात तर सायकलला उरतात जेमतेम चार तास दहा मिनिटं, म्हणजे सरासरी २१-२२ चा वेग लागणारच, हे लक्षात ठेवा.

तयारीला हातात किमान पाच-सहा महिने हवेत, तेही आधीपासून दहा किलोमीटर पळता येत असेल आणि तलावात पाचशे मीटर न थांबता पोहता येत असेल तर. नसेल तर सरळ वर्ष धरा, घाई कशाची आहे. आठवड्याला आठ ते दहा तास, दोन-तीन वेळा पोहणं, तीनदा सायकल, तीनदा रनिंग, एक दिवस पूर्ण आराम. नोकरी, मुलं, सासर-माहेर सांभाळून हे बसवायचं म्हणजे पहाटे पाचला उठणं आलं आणि रात्री दहाला झोपणंही आलं, दुसरं जास्त अवघड आहे.

खरी अडचण वेळेची नाही, पावसाची आहे. रेस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे तुमची मुख्य ट्रेनिंग जून ते सप्टेंबर, ऐन पावसाळ्यात. रस्त्यात खड्डे, खड्ड्यात पाणी, समुद्र बंद, धरणं भरलेली, आणि मध्येच गणपती, नवरात्र, दसरा. त्यामुळे प्लॅन उलटा लावायचा. समुद्रातलं पोहणं आदल्या हंगामात, डिसेंबर ते मे मध्ये करून घ्यायचं. मालवणला चिवला बीचवर दरवर्षी समुद्री जलतरण स्पर्धा होतात, त्यातली एक-दोन किलोमीटरची करा, मुंबईकरांनी गेटवेच्या स्पर्धांची चौकशी करा. स्पर्धेत होड्या असतात, माणसं असतात, सुरक्षित वातावरणात पहिल्यांदा खाऱ्या पाण्याची ओळख होते. धरणात, खाणीत, नदीत एकट्याने उतरू नका, म्हणजे नकोच, दरवर्षी चांगले पोहणारे लोक बुडतात. माहीतगार ग्रुप असेल, कंबरेला भगवा फुगा बांधलेला असेल, काठावर कोणी लक्ष ठेवून असेल तरच. पावसाळ्यात तलावात मान खाली घालून अंतर वाढवायचं, आणि सायकलसाठी घरात ट्रेनर, म्हणजे मागचं चाक अडकवून जागच्या जागी सायकल चालवायचा स्टँड, लावायचा. ट्रेनरवर दीड तास म्हणजे रस्त्यावरचे दोन तास असं आमच्या ग्रुपमधले काका म्हणतात, आणि ते बरोबर आहे कारण ट्रेनरवर उतार नसतो, सिग्नल नसतो, पाय फिरतच राहतो.

पोहण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच लोक घाबरतात. तलावात दोन किलोमीटर आरामात जमतं, तरी समुद्रात पहिल्या दोनशे मीटरला छाती आवळल्यासारखी होते. आजूबाजूला शंभर हात-पाय, कोणाची लाथ गॉगलवर बसते, लाट आली की श्वास घ्यायच्या वेळी तोंडात खारं पाणी, खाली बघावं तर गढूळ, निळी टाइल नाही, रेषा नाही. शरीर म्हणतं बाहेर पड. अशा वेळी फ्रीस्टाइल सोडून द्यायची, ब्रेस्टस्ट्रोक करायचा किंवा सरळ पाठीवर पडायचं, आणि श्वास बाहेर सोडण्याकडे लक्ष द्यायचं, घेण्याकडे नाही. श्वास पूर्ण बाहेर गेला की पुढचा आपोआप नीट येतो. मिठामुळे समुद्रात तरंगणं तलावापेक्षा सोपं जातं. तरी नाहीच जमलं तर हात वर करायचा, कयाकवाले, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतले लोक, येतात, कयाक धरून थांबायला नियमाने परवानगी आहे, फक्त कयाकला धरून पुढे सरकायचं नाही. मिनिटभर दम घ्या आणि परत निघा. हे नियमात बसतं हे माहीत असणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा ते वापरावं लागत नाही.

दुसरं म्हणजे साइटिंग. समुद्रात रेषा नसते म्हणून दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे डोळे जरा वर काढून पुढचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, बघायचा आणि मग बाजूला श्वास. पूर्ण डोकं वर काढलं तर पाय खाली जातात आणि मान दुखते. याची प्रॅक्टिस तलावातच करा, पलीकडच्या भिंतीवर कोणाची बाटली ठेवा आणि ती बघत पोहा, वाटलं तर मध्ये पंधरा-वीस हात डोळे मिटून पोहून बघा, तुम्ही कुठल्या बाजूला वाकडे जाता ते कळेल. प्रत्येक जण जातो. १.९ चे सव्वादोन किलोमीटर होतात ते यामुळेच. मिरामारचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे परत किनाऱ्याकडे येताना सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं, काळसर काचेचा गॉगल घ्या, आणि तो नवा कोरा रेसच्या दिवशी घालू नका. वेटसूटवर, म्हणजे थंड पाण्यासाठीच्या रबरी सूटवर, पैसे घालवू नका, आपलं पाणी इतकं गरम असतं की तो घालायची वेळच येत नाही. ट्रायसूट घ्या, एकच कपडा तिन्हीत चालतो. काखेत, मानेला, मांड्यांना व्हॅसलीन भरपूर लावा, खारं पाणी आणि घाम मिळून जी कातडी सोलते ती दुसऱ्या दिवशी आंघोळीला कळते. बायकांसाठी एक, स्पोर्ट्स ब्रा ट्रायसूटच्या आत घालून आधी दोन-तीन लांब सेशन करून बघा, पट्टा कुठे घासतो ते अर्ध्या तासात कळत नाही, तीन तासांनी कळतं.

स्टार्ट रोलिंग असतो, म्हणजे सगळे एकदम पाण्यात धावत नाहीत, आपापल्या अंदाजे वेळेच्या रांगेत उभं राहून थोडे थोडे सोडतात. तुमची खरी वेळ जी आहे त्याच रांगेत उभे रहा. पुढे घुसलात तर फास्ट लोक तुमच्या अंगावरून जातील.

आता सायकल. महागडी टीटी बाइक, म्हणजे खास वेगासाठीची टाइम ट्रायल सायकल, लागत नाही, साधी रोडबाइक बास, हायब्रिडवरही लोक करतात. पण बाइक फिट करून घ्या, सीटची उंची एक सेंटीमीटर चुकली तरी नव्वद किलोमीटरला गुडघा बोलतो. पंक्चर काढता आलं पाहिजे, मागच्या चाकाचं, एकट्याने, ऊन डोक्यावर असताना. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप किंवा हवा भरायचे छोटे गॅसचे सिलिंडर, एवढं सायकलवर असू दे. घरी हॉलमध्ये पेपर अंथरून चाक काढा-घाला, पंधरा मिनिटांत जमेपर्यंत करत रहा.

लांब राइड हळूहळू वाढवत शंभरपर्यंत न्या. पुणेकरांना कात्रज, खंबाटकी, बोपदेव आहेतच, नाशिककरांना कसारा, कोल्हापूरकरांचं तर काय बोलायचं, घाट दारात आहेत. गोव्याचा रस्ता घाटाचा नाही पण पूर्ण सपाटही नाही, चढउतार आणि वळणं आहेत, लूप आहेत, त्यामुळे वेग सारखा तुटतो. आणि दर आठवड्याला एक ब्रिक करा, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच पळायचं, सुरुवातीला फक्त पंधरा मिनिटं. पहिल्यांदा पाय दगडासारखे वाटतील, आपले वाटणारच नाहीत, दीड-दोन किलोमीटरनंतर सुटतात. हे सुटतात हा अनुभव गाठीशी असणं हेच ब्रिकचं काम.

नियम नीट समजून घ्या. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून जायचं नाही, त्याला ड्राफ्टिंग म्हणतात, बारा मीटर अंतर ठेवायचं, ओव्हरटेक करायचं तर पंचवीस सेकंदांत पूर्ण करायचं, डावीकडून चालवायचं, उजवीकडून पुढे जायचं. ग्रुप राइडची सवय असलेले इथेच पेनल्टी खातात. हेल्मेटचा बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि सायकल रॅकला लागल्याशिवाय बक्कल काढायचा नाही. माउंट लाइनच्या आधी सायकलवर बसायचं नाही. एनर्जी जेलची रिकामी पाकिटं कुठेही टाकायची नाहीत, ठरवलेल्या पट्ट्यातच. कानात इअरफोन चालत नाहीत, तेव्हा प्रॅक्टिसही त्याशिवायच करा.

आणि आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पहिली ७०.३ सायकलवर बिघडते आणि पळताना कळते. पाण्यातून सुखरूप बाहेर आल्याचा आनंद असतो, रस्ता बंद केलेला असतो, लोक ओरडत असतात, पाय ताजे असतात, आणि माणूस पहिल्या तीस किलोमीटरला ट्रेनिंगपेक्षा दोन-तीनने जास्त वेगाने जातो आणि त्याला वाटतं आज दिवस आपला आहे. ते दोन-तीन पुढे दुपारी बाराला व्याजासकट वसूल होतात. म्हणून कसोटी सोपी ठेवा, सायकलवर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. चढावर दम लागून तुटक बोलताय म्हणजे गिअर हलका करा, लोक पुढे गेले तर जाऊ देत, त्यातले बरेच अर्ध्या रनमध्ये चालताना भेटतात. शेवटच्या तीस किलोमीटरला पहिल्या तीसइतकंच बरं वाटत असेल तर तुम्ही बरोबर चालवलीत.

सायकलवरचं दुसरं काम म्हणजे खाणं. पळताना पोट फारसं घेत नाही, म्हणून जे काय इंधन भरायचं ते सायकलवर. तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हे पहिल्या रेससाठी चांगलं टार्गेट आहे, अनुभवी लोक ९० पर्यंत जातात पण त्यासाठी आतडी तयार करावी लागतात. एक मध्यम केळं म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास, बहुतेक जेल २०-२५ ग्रॅमचे. सगळं जेलवरच करायची गरज नाही, सलग गोड खाऊन तिसऱ्या तासाला उबग येतो. छोटे बटाटे उकडून, सोलून, जरा जास्तच मीठ चोळून, दोन-दोन फॉइलमध्ये गुंडाळून जर्सीच्या खिशात ठेवा, खारट चव आली की बरं वाटतं आणि पुढचा जेलही जातो. खजूर चालतो, बी काढून घ्या. गुळाची चिक्की घरी छान लागते पण गोव्याच्या दमट हवेत ती चिकट होऊन पाकिटाला बसते आणि चावायला वेळ लागतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी घड्याळाचा अलार्म लावा, भूक लागायची वाट बघू नका.

पाण्याचं गणित प्रत्येकाचं वेगळं, आणि ते घरी काढता येतं. एक तास रेसच्या वेगाने सायकल चालवा, आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा, घाम पुसून. जितकं वजन घटलं अधिक जितकं पाणी प्यायलात तेवढा तुमचा तासाचा घाम. उन्हात लिटरभर सहज निघतो. तो सगळा भरून काढायचा नसतो, बराचसा भरला तरी पुरे. पण नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, आणि हे जिवावर बेतू शकतं. त्यामुळे मीठ हवंच. मेडिकलमध्ये मिळणारं डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याचं ओआरएस, एक लिटरला एक पाकीट, हे स्वस्त आणि मस्त आहे, त्यात लिटरला साधारण १७०० मिलिग्रॅम सोडियम असतं. साखर मात्र त्यात फार कमी, साडेतेरा ग्रॅमच, म्हणून ओआरएस घेतलं म्हणजे खाणं झालं असं समजू नका. ओआरएससारखी वाटणारी सगळीच गोड टेट्रापॅक तशी नसतात, पाकिटावर वाचून घ्या. आणि ज्यांना बीपी किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मिठाबद्दल डॉक्टरांना विचारूनच.

रन सुरू होतो साधारण साडेअकरा-बाराला, ऐन उन्हात. इथे घड्याळातला पेस विसरा. पहिल्या किलोमीटरपासूनच ठरवून टाका की प्रत्येक एड स्टेशनला, म्हणजे पाणी-खाणं मिळतं त्या टेबलांपाशी, चालायचं, पळत पळत पाणी पिताना अर्धं नाकात जातं. बर्फ मिळाला तर टोपीखाली, ट्रायसूटच्या गळ्यातून आत, मनगटांवर. पाणी डोक्यावर ओता पण शूजमध्ये जाऊ देऊ नका, ओल्या मोज्यांनी फोड येतात. उन्हाची सवय करायला रेसआधीचे दहा-बारा दिवस एखादा तास दुपारी पळा, हळू, पाणी जवळ ठेवून. ऑक्टोबर हीट यासाठी उपयोगी पडते. अंगावर काटा आला, थंडी वाजली, घाम थांबला, भ्रमिष्टासारखं वाटलं तर तिथेच थांबायचं, व्हॉलंटिअरला सांगायचं. मेडल पुढच्या वर्षीही मिळतं.

शेवटचे दोन आठवडे ट्रेनिंग कमी करायची, अर्ध्यावर आणायची. अंगात रग येते, वाटतं एक लांब राइड मारून घ्यावी, मारू नका. सायकल नेण्याचं सांगायचं तर गाडीने जात असाल तर उत्तम, कोकण रेल्वेने गेलात तर करमळी स्टेशन पणजीला जवळ पडतं, विमानाने न्यायची तर पेडल काढा, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरलात तर पाना तुटेपर्यंत जोर लावत बसाल. टायरमधली हवा कमी करा. गॅसचे सिलिंडर विमानात नेऊ नका, तिथे जाऊन घ्या. दोन-तीन दिवस आधी पोचा, मिरामारच्या पाण्यात एकदा उतरा, आयोजकांनी प्रॅक्टिस स्विम ठेवला असेल तर तो सोडू नका.

आदल्या दिवशी सायकल आणि बॅगा जमा करायच्या असतात. निळी बॅग सायकलची, लाल बॅग रनची. निळ्यात हेल्मेट, गॉगल, मोजे, सायकलचे शूज, खाणं, लालमध्ये रनिंग शूज, टोपी, कोरडे मोजे, नंबरचा बेल्ट. भरताना मनात एकदा पूर्ण रेस चालवून बघा, पाण्यातून बाहेर आलो, आता काय हातात लागेल, त्या क्रमाने. सायकल रात्रभर बाहेर उघड्यावर असते, दुपारच्या उन्हात टायर तापतो म्हणून ठेवताना हवा जरा कमी ठेवा आणि सकाळी पंप घेऊन जाऊन भरा. चेनला सकाळीच तेल द्या.

जेवण साधं, वरणभात, दहीभात, बटाट्याची भाजी. गोव्यात येऊन सुरमईची थाळी समोर असताना हे अवघड आहे, कळतंय मला, पण नारळाचं वाटण आणि तळणं रेसच्या आदल्या रात्री नको. झोप लागली नाही तरी काळजी करू नका, आदल्या रात्रीची झोप कोणालाच लागत नाही, त्याच्या आधीच्या रात्रीची महत्त्वाची. सकाळी तीन तास आधी उठून नेहमी खाता तेच खा, पोहे खात असाल तर पोहे.

फिनिश लाइन ओलांडली की लगेच बसू नका, आडवं तर अजिबात होऊ नका, पाच-दहा मिनिटं चालत रहा, ओआरएस घोट घोट घ्या, मग काहीतरी खारट खा. घोट्याची टायमिंग चिप परत द्या, हरवली तर पैसे भरावे लागतात. सायकल आणि बॅगा त्याच दिवशी ठरलेल्या वेळेत सोडवून घ्यायच्या असतात, त्यासाठी हातातला बँड कापू नका, तो दाखवल्याशिवाय सायकल देत नाहीत. आणि त्याच रात्री स्वतः गाडी चालवत चोर्ला किंवा आंबोली घाट चढायचा विचार करू नका. सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा.